निम्मा कोन

…नाही, नाही, ते आलेख परत बॅगेत घाला, मला आलेख दाखवू नका. सुंदरच असणार ते – रंगीत असणार, ठिपक्यांमधून रेघ कशी अलगद गेलेली असणार – तुमच्याकडे रेघा मारणाऱ्यांना तोटा नाही. मी काय विचारलं? टार्गेट आणलंत का, एवढंच विचारलं. आणलंत? मग ते आधी का नाही काढलंत? पेशंटला बाहेर बाकावर बसवायचं आणि डॉक्टरला त्याचा फोटो दाखवायचा, त्यातली गत. द्या इकडे. डबीसकट द्या, बोटं लावू नका. आणि बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लंगडा आहे, स्टुलावर बसा. तो आवाज व्हॅक्यूम पंपाचा आहे, दचकू नका, इथे थोडं मोठ्याने बोलावं लागतं. तुम्ही बोलतच नाही म्हणा, तो भाग वेगळा.

तर तुमच्या मोठ्या साहेबांचं म्हणणं असं, की आमचा आकडा चुकला. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या नवऱ्याचा – याच हॉलमध्ये, त्या समोरच्या चेंबरवर आम्ही दोघांनी मोजलेला, आणि तेव्हापासून सगळ्यांच्या कोष्टकांत छापला जाणारा. आणि तुम्ही मोजलात तर निघाला निम्मा. निम्मा! थोडा कमी नाही, थोडा जास्त नाही, भाजीवाल्याने घासाघीस करून तोडावा तसा निम्मा. आणि आता तो छापायचा, पण छापण्याआधी सौजन्य म्हणून बाईंना भेटून यायचं, कारण नवरा तर गेला गेल्या थंडीत, आता बाईच उरल्यात. साहेब स्वतः का नाही आले? पाठ दुखते? त्यांची पाठ मी ओळखून आहे. परिषदेत पहिल्या रांगेत बसताना दुखत नाही, जेवणाच्या रांगेत दुखत नाही, कुणाच्या तोंडावर काही सांगायची वेळ आली की मणका सरकतो. म्हणून तुम्हाला पाठवलं. असू दे, तुमचा काय दोष. तुम्ही काय करता तिथे? – कॉम्प्युटरवर विश्लेषण. वाटलंच. म्हणजे फॉइल आयुष्यात कधी हातात धरलेलं नाही. बरं झालं, निदान खोटं तरी बोलला नाहीत.

मग आधी तुम्ही काय मोजलंत ते तुम्हाला सांगायला हवं. हसू नका, माझ्या नणंदेलाही सांगितलंय मी. तो गेल्यावर आली होती राहायला, एका संध्याकाळी चहा पिता पिता म्हणते, वहिनी, दादा नक्की काय मोजायचा हो? सख्खी बहीण! इतकी वर्षं भावाला दादा, दादा करत होती, आणि तो गेल्यावर विचारते. म्हटलं, भोवरा फिरतो ना, तसं अणूचं केंद्र स्वतःभोवती फिरतं, आणि फिरतं म्हणून ते एक इवलंसं चुंबक असतं. त्याची ताकद किती, ते तुझा दादा मोजायचा. पुस्तकात त्याला चुंबकीय आघूर्ण म्हणतात – तोंडात गोटी ठेवून बोलल्यासारखा शब्द. कशी मोजायची? चुंबकी क्षेत्रात ठेवायचं, म्हणजे त्या भोवऱ्याचा आस वळायला लागतो. जितकं चुंबक दणकट तितका जास्त वळतो. सोपं आहे. फक्त आम्हाला हवी असलेली केंद्रं जगतात किती, तर पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळात त्यांच्या अब्जावधी पिढ्या होऊन जातील. एवढ्याशा आयुष्यात ते वळणार कधी आणि वळलं हे आपल्याला कळणार कधी? माणसाने बांधलेलं कुठलंही चुंबक त्याला तेवढ्यात तसूभर हलवू शकत नाही. म्हणून मग लबाडी करायची. त्या अणूंचे आयन करून त्यांचा बीम, म्हणजे झोत, सोडायचा, पुढ्यातल्या कार्बनच्या पातळ थरावर आपटून केंद्रं चेतवायची आणि तशीच गॅडोलिनियमच्या फॉइलमधून पळवायची. गॅडोलिनियम म्हणजे लोखंडासारखाच चुंबक होणारा धातू. आयन त्यातून सुसाट जाताना त्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो, आणि तेवढ्या एका क्षणात केंद्राला असं काही प्रचंड क्षेत्र जाणवतं की कुठल्या कारखान्यात ते बनवता येणार नाही. वळतं मग ते. केसाएवढं, पण वळतं. मागे तांब्याचा जाड पत्रा असतो, त्यात जाऊन थांबतं, गॅमा किरण सोडतं आणि विझतं. कार्बन, फॉइल, तांबं, या एकावर एक चिकटवलेल्या थरांना म्हणायचं टार्गेट. ते किरण कुठल्या बाजूला गेले ते चार डिटेक्टर बघतात. मग चुंबक उलटं करायचं आणि पुन्हा मोजायचं. वर, खाली, वर, खाली, दिवसभर. वरच्यातून खालचं वजा केलं की जे दोन्ही वेळा सारखं होतं ते उडून जातं – डिटेक्टरचा आळस, टेबलाचा तिरकेपणा, माझी कटकट – आणि उरतो तो कोन. नणंदेने सगळं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि विचारलं, पण याचा उपयोग काय वहिनी? म्हटलं, काही नाही. म्हणून तर घरात भांडणं झाली नाहीत.

बरं. आता बघू तुमचं पेशंट. ते भिंग द्या इकडे – ते नाही, दिव्याचं. हं.

थर्मामीटर कुठे लावला होता? मी विचारतेय, टार्गेटचं तापमान कुठे मोजत होतात? फ्रेमला? वा! म्हणजे कपाळ तापलंय आणि तुम्ही पायाच्या अंगठ्याला थर्मामीटर लावून म्हणताय, ताप नाही. अहो, बीम कुठे पडतो? मधोमध पडतो. डाळीएवढ्या ठिपक्यावर पडतो आणि सगळी आग तिथे ओततो. आणि गॅडोलिनियमची गंमत अशी, की ते थंडीतच चुंबक असतं. आपल्याला स्वेटर काढावासा वाटतो ना, तेवढ्या उबेत ते सगळं विसरून जातं. म्हणून तर द्रवरूप नायट्रोजन ओतून ओतून त्याला गार ठेवायचं. तुम्ही फ्रेम गार ठेवलीत. छान ठेवलीत. फोटोत बर्फ साठलेला दिसला असेल, साहेब खूश झाले असतील.

पण नुसत्या थर्मामीटरने निम्मं होणार नाही. ते तुमचं अज्ञान झालं, अजून पाप दिसायचंय… हं. हे काय आहे? – नाही, तुम्ही थांबा, तुम्ही काही सांगू नका, मला बघू द्या – फॉइल तांब्याला चिकटवतात ना, ते इंडियमने. मेणासारखा मऊ धातू आहे, त्याचा पातळ हात द्यायचा, वर फॉइल ठेवायचं आणि दाबत दाबत पसरवायचं, म्हणजे मध्ये हवा राहत नाही आणि बीमची आग फॉइलमधून तांब्यात निघून जाते. इथे कुठे आहे इंडियम? या अंगाला ढीग साठलाय आणि त्या अंगाला नावालाही नाही. मधे फुगा आलाय! दिसतो का तुम्हाला? तिरकं धरा, उजेडात. बरोबर बीमच्या जागी फुगा, आणि वर करपल्याचा डाग. पाकिटावर थुंकी लावून तिकीट चिकटवावं तसं चिकटवलंय हो कुणीतरी. तिकीटसुद्धा जास्त नीट बसतं. कुठला गवंडी पकडून आणला होतात? नाही, नाव सांगू नका. खरंच सांगू नका – मला एकदा एखाद्याचा राग आला की जात नाही, आणि आता या वयात नवीन माणसांचे राग सांभाळायला जागा उरलेली नाही.

झालं तर मग, कशाला लांबवायचं. आग तांब्यात गेलीच नाही, फॉइल तापलं, तापल्यावर निम्मं चुंबकपण गेलं, निम्म्या क्षेत्रात केंद्र निम्मं वळलं. तुमचा निम्मा कोन अणूच्या केंद्राचा नाही, या चिकटवणाऱ्याच्या अंगठ्याचा आहे. लिहून घ्या. बॅगेत पेन असेल ना, रेघा मारायचं? लिहा: टार्गेट सदोष होतं. फॉइल तांब्यापासून सुटलं होतं. ते निष्काळजीपणे बनवलेलं होतं – 'निष्काळजीपणे' लिहा, कचरू नका. लिहिलंत? आता हे पेपरात घाला, तुमच्या आकड्याच्या खाली, आणि मग खुशाल छापा. आमचा आकडा जिथे होता तिथे राहील. काय बघताय असं? कठोर वाटतेय मी? अहो, ज्याचा हात असा चालतो त्याने हे काम करूच नये. हात चालत नसेल तर घरी बसावं, उन्हात खुर्ची टाकावी, नातवंडं खेळवावीत, कुणी बोलावलंय? वर्षभर बीमची वाट बघायची, दहा माणसांनी राबायचं, आणि सगळ्याच्या मुळाशी हा असा एक ठोंब्या. आमच्याकडे माझा नवरा करायचा टार्गेटं. पीएचडी झालेला माणूस, पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. फॉइल स्वतः लाटायचा, स्वतः तापवायचा, आणि इंडियम पसरवताना डोळे मिटून अंगठा फिरवायचा – मिटून! भिंगातून बघणाऱ्यांना हसायचा. म्हणायचा, भिंगात फक्त चूक दिसते, बरोबर आहे हे अंगठ्याला कळतं. मला ही असली वाक्यं आवडत नाहीत, मी त्याला तोंडावर सांगायची, पोस्टरवर छाप म्हणून. पण एकही टार्गेट सुटलं नाही त्याचं. एकही नाही. आणि तुमच्याकडे हा… परत काय? सांगू नका म्हटलं ना. कळतं मला, तुमचाच कुणी मित्र असणार, नोकरी जाईल त्याची, बायकापोरं असतील. मला ऐकायचं नाही. मागची बाजू तर बघू द्या, तांब्याला तरी घासलं होतं का त्याने…

थांबा.

कोपरा कापलाय.

वरचा डावा कोपरा, तिरका. सगळे लोक पेन्सिलने खूण करतात, बीमकडची बाजू कुठली हे कळावं म्हणून. कोपरा कुणी कापत नाही. कापताना फॉइलला सुरकुती पडते, म्हणून कुणी कापत नाही. पेन्सिल पुसली जाते, कात्री पुसली जात नाही, असं म्हणून एकच माणूस…

तुम्हाला माहीत होतं. आल्यापासून माहीत होतं – तेच सांगायला आला होतात तुम्ही. तीनदा तोंड उघडलंत आणि तीनदा मी बंद केलं. तरी पण माणसाने ओरडायचं असतं हो अशा वेळी! टेबलावर हात आपटायचा! ठोंब्या म्हणाले मी. गवंडी म्हणाले. स्टुलावर शहाण्यासारखे बसून राहिलात, लिहून घेत बसलात.

पंप बंद करा जरा. तो लाल खटका. – नको. राहू दे. बरा आहे आवाज.

तुमच्या साहेबांनी मागितलं होतं? नाही? त्याने स्वतःहून कळवलं? काय कळवलं – मोकळा आहे, एखादं करून देतो? मोकळा आहे. हं. आजारपणात मला सांगायचा, खाली टार्गेटच्या खोलीत बसतो जरा, वर्तमानपत्र वाचतो, तुमच्या हॉलमध्ये मला थंडी वाजते. मी म्हटलं, बस. घरी ठेवलं की दिवसभर चिडचिड, नर्सला सुधार, मला सुधार, घड्याळाच्या काट्याला सुधार – म्हणून गाडीत घालून रोज इथे आणायची आणि खाली सोडायची, आणि वर येऊन आपलं काम करायची. मला वाटायचं, वाचतोय. संध्याकाळी वर्तमानपत्राची घडीसुद्धा मोडलेली नसायची, तरी मला वाटायचं, वाचतोय. पीएचडी मीही आहे, बरं का.

बोटं गेली होती त्याची. औषधाने. तुटली नव्हती, हलत होती, पण टोकांना काही कळत नव्हतं. वाफाळता कप धरून बसायचा आणि भाजतंय हे त्वचा लाल झाल्यावर मला दिसायचं, त्याला नाही. बटणं लावता यायची नाहीत. मी लावायला गेले की हात झटकायचा, म्हणून मी बिनबटणांचे सदरे आणले, तर एक अख्खा दिवस माझ्याशी बोलला नाही. कपाटात आहेत अजून घडीचे. आणि हा माणूस – ज्याला स्वतःच्या सदऱ्याचं बटण लागलं की नाही कळत नव्हतं – हा खाली बसून, डोळे मिटून, इंडियमवर अंगठा फिरवत होता. कळलं असेल का हो त्याला? काय कळणार! दगड फिरवल्यासारखं असणार. भिंग समोर होतं. हाताच्या अंतरावर होतं, हेच, आत्ता मी धरलंय तेच. एकदा बघितलं असतं तर फुगा दिसला असता. पण नाही. आयुष्यभर ज्याला हसलो ते आता कसं वापरायचं? मूर्ख. मूर्ख माणूस. आणि मी वर, बरोबर त्याच्या डोक्यावर, वर-खाली, वर-खाली चुंबक उलटं करत बसलेली.

काय म्हणालात? मोठ्याने बोला, कधी नव्हे ते बोलताय तर. – साहेबांनी निरोप दिलाय, की वाटल्यास कारण द्यायला नको. दोन्ही आकडे छापू, शेजारी शेजारी, आमचा आणि त्यांचा, 'फरकाचं कारण अद्याप अज्ञात' म्हणून. म्हणजे कुणाचं नाव खराब व्हायला नको. असं म्हणाले ते? पाठदुखीत एवढं सुचलं? अहो, दोन आकडे शेजारी छापले की वाचणारा काय करतो? तुम्ही काय कराल? सरासरी काढाल! एक बरोबर, एक चूक, आणि त्यांच्या मधोमध एक आकडा, जो कुणी कधी मोजलाच नाही. आणि मग तोच कोष्टकात जाणार. माझ्या नवऱ्याने धडधाकट हातांनी जे केलं ते, आणि या हातांनी जे केलं ते, दोन्ही मिसळून त्याचा काला करायचा, आणि त्याला दया म्हणायचं. दया त्यांना घरी ठेवायला सांगा. त्याच्यावर दया करायला मी होते, आणि माझं काय झालं ते तुम्हाला सांगितलंच, सदऱ्यांचं.

लिहा. मघाचंच वाक्य वाचा. टार्गेट सदोष होतं, बरोबर. फॉइल तांब्यापासून सुटलं होतं, बरोबर. पुढचं खोडा. 'निष्काळजीपणे' खोडा. मी विरघळले म्हणून नाही, कृपा करून तसं साहेबांना सांगू नका – तो शब्द खोटा आहे म्हणून. काळजी होती. बोटं नव्हती. हे पेपरात कसं लिहितात मला माहीत नाही, म्हणून काहीच लिहू नका. बीमने फॉइल तापलं, क्षेत्र कमी झालं, म्हणून कोन निम्मा. पूर्वीचा आकडा ग्राह्य. पूर्णविराम.

शेवटी आभार मानता ना तुम्ही? यांचे आभार, त्यांचे आभार, अॅक्सिलरेटर चालवणाऱ्यांचे आभार. तिथे टार्गेटसाठी त्याचं नाव होतं का? मसुद्यात बघा. – होतं. आणि आता काढावं म्हणताय. का? वरच्या परिच्छेदात टार्गेट सदोष म्हणायचं आणि खाली ते बनवणाऱ्याचे आभार मानायचे, म्हणजे वाचणारा दोन आणि दोन करेल, म्हणून? करू दे की. पूर्वीचा आकडाही त्याच्याच हातचा आहे, तेही करू दे. त्याने स्वतः काय केलं असतं? मी तसलं टार्गेट बनवलं असतं तर माझं नाव त्याने ठेवलं असतं, आणि वर मलाच मुद्रितं तपासायला लावली असती. ठेवा. पूर्ण नाव ठेवा, आद्याक्षरं नकोत.

झालं ना? उठा मग. डबी हवी तर न्या, टार्गेट राहील. – नाही, मिळणार नाही. साहेबांना पुरावा लागत असेल तर फोटो काढून पाठवते, भिंगातून, फुग्यासकट. आवडतात त्यांना फोटो. अहो, वाद कसला घालताय? त्याची चांगली टार्गेटं मी एकूण एक बीममध्ये घातली, तो गेल्यावर उरली होती तीसुद्धा घातली. जळली, भोकं पडली, कचऱ्यात गेली, माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही, कारण टार्गेट असतंच जाळायला. हे एक बीममध्ये परत घालण्यासारखं नाही. तुमच्या कामाचं नाही, माझ्या कामाचं नाही, कुणाच्याच…

तुम्ही अजून उभे? जा. इथून हॉलमधूनच जा, खालून नको. खालची खोली बंद आहे.